पानाची डावी बाजू

आप्पांना झटका आला त्याला आता चार वर्षं होतील. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी अडकली आणि डावा हात, डावा पाय गेला. वाचा मात्र शाबूत राहिली. घरी आणल्यावर पहिल्याच रविवारी मी त्यांचं पान वाढलं. आमच्याकडे अजून रीतीनं वाढतात. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये वरणभाताची मूद. आप्पांनी भाजी संपवली, आमटी संपवली, मुदीचा उजवा निम्मा भाग खाल्ला. उरलेला निम्मा सुरीनं कापल्यासारखा तसाच. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आज चटणी नाही केलीस का गं?"

चटणी पानातच होती. तीळ-खोबऱ्याची, मुद्दाम त्यांच्यासाठी केलेली.

डोळे तपासून झाले होते, नजर ठीक होती. घरी येणाऱ्या थेरपिस्ट ताई म्हणाल्या, "ताट अर्धं फिरवून बघा." फिरवलं. आप्पा खूश. "ही काय, आहे की!" आणि मिनिटभरानं, "भाजी संपली वाटतं."

डॉक्टर याला 'नेग्लेक्ट' म्हणतात. डावीकडचं जग दिसत नाही असं नाही, ते हिशेबातच राहत नाही. माणूस अर्धीच दाढी करतो, घड्याळ काढायला सांगितलं तर बाराच्या बारा आकडे उजव्या बाजूला कोंबतो. पण मला हादरवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. "आप्पा, डावा हात उचला" म्हटलं की ते म्हणायचे, "उचलला की." हात मांडीवर निपचित. "अहो, हलला नाही." त्यावर उत्तर तयार: "खांदा अवघडलाय, म्हणून मीच जपतोय." आप्पा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. 34 वर्षांत कुणाच्या बांधाची वीतभर जागा त्यांनी इकडची तिकडे होऊ दिली नाही. तो माणूस खोटं बोलत नव्हता. आपल्याकडे काहीतरी नाही हे कळायला जे लागतं, तेच गेलं होतं. आणि जे उरलं होतं ते बोलण्यात पटाईत होतं.

तेव्हापासून या विषयावर हाती लागेल ते वाचतेय. आज लिहायला बसले, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा ती चाचणी फिरायला लागलीय, तुम्ही डाव्या मेंदूचे की उजव्या मेंदूचे? आणि तिच्या शेपटाला नेहमीचं वाक्य, की पाश्चात्त्य लोक डाव्या मेंदूचे, आपण उजव्या. मला हे वाचून मनापासून वाईट वाटतं, कारण खरा विषय इतका मोठा आहे आणि आपण त्याचं राशिभविष्य करून टाकलंय.

चाचणीचं लवकर उरकते. 2013 मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी 1011 लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासले. अमुक माणसाचा अख्खा मेंदू डावीकडे झुकलाय, तमक्याचा उजवीकडे, असं काही आढळलं नाही. बोलण्याची मुख्य जागा बहुतेकांत डावीकडे असते, हे पॅरिसचा डॉक्टर पॉल ब्रोका यानं 1861 ते 1865 या काळात दाखवलं. त्याचा एक पेशंट वर्षानुवर्षं फक्त 'टॅन' एवढाच आवाज काढू शकायचा. तो गेल्यावर मेंदू उघडला, तर डाव्या बाजूला पुढे इजा झालेली. ते खरंच आहे. पण गणित डावीकडे आणि चित्रकला उजवीकडे ही वाटणी खोटी. दोन्हीला दोन्ही बाजू लागतात.

मग फरक कशात? लक्ष देण्याच्या तऱ्हेत. कोंबडीचं पिल्लू खड्यांमधून दाणे टिपताना उजवा डोळा वापरतं, म्हणजे डावा मेंदू, कारण मेंदूची बाजू आणि शरीराची बाजू उलटसुलट जोडलेली असते. त्याच वेळी घारीवर नजर असते ती डाव्या डोळ्याची, म्हणजे उजव्या मेंदूची. पोट भरायचं तर एका दाण्यावर नजर रोखावी लागते, आणि जगायचं तर सगळीकडे सावध राहावं लागतं. ही दोन कामं एकाच वेळी, एकाच डोक्यात चालू असतात. माणसातही उजवी बाजू दोन्हीकडचं भान ठेवते, डावी मुख्यतः उजवीकडचंच. म्हणून आप्पांचं पान अर्धं झालं. डाव्या मेंदूत झटका आलेल्यांचं पान असं अर्धं सहसा होत नाही, झालं तरी फार टिकत नाही.

या दोन बाजूंना जोडणारा सुमारे 20 कोटी तंतूंचा एक पूल असतो. 1962 पासून लॉस एंजेलिसमध्ये जोसेफ बोगेन आणि फिलिप फोगेल या शल्यचिकित्सकांनी फिट्स कशानेच थांबत नसलेल्या काही पेशंटांचा हा पूल कापला. फिट्स आटोक्यात आल्या. रॉजर स्पेरी आणि मायकल गॅझॅनिगा यांनी या पेशंटांवर प्रयोग केले, स्पेरींना त्यासाठी 1981 चं नोबेल मिळालं. पुढे गॅझॅनिगा आणि जोसेफ लेडू यांनी असाच पूल कापलेल्या दुसऱ्या एका पेशंटावर केलेला प्रयोग मी विसरू शकत नाही. पी. एस. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या मुलाच्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पाय दाखवला, उजव्याला बर्फानं भरलेलं अंगण. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं निवडायला सांगितलं. उजव्या हातानं कोंबडी निवडली, डाव्या हातानं फावडं. फावडं बर्फासाठी होतं. पण बोलणाऱ्या डाव्या मेंदूनं बर्फ पाहिलाच नव्हता. फावडं का, असं विचारलं तर क्षणाचाही विलंब न लावता उत्तर आलं, की कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच. "मला माहीत नाही" असं नाही. थेट खुराडं.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि मला आप्पांचा अवघडलेला खांदा ऐकू आला.

आता संस्कृतीकडे येते. इयन मॅकगिलख्रिस्ट हे आधी ऑक्सफर्डला साहित्याचे अभ्यासक, मग वैद्यकी शिकून लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये मनोविकारतज्ज्ञ झाले. 'द मास्टर अँड हिज एमिसरी' (धनी आणि त्याचा कारभारी) या त्यांच्या 2009 च्या पुस्तकाच्या उत्तरार्धात पश्चिमेचा अडीच हजार वर्षांचा इतिहास लक्ष देण्याच्या या दोन तऱ्हांच्या अंगानं मांडलाय. थोडक्यात असं, की जग आधी अख्खं, जिवंत, संदर्भासकट जाणवतं. मग कामापुरते त्याचे तुकडे पाडून नावं, आकडे, नियम करायचे. आणि ते तुकडे घेऊन पुन्हा अख्ख्या जगाकडे परत यायचं. त्यांच्या मते अथेन्सच्या चांगल्या दिवसांत आणि युरोपच्या प्रबोधनकाळात ही येरझार नीट चालली. नंतर परत येणं कमी कमी होत गेलं. कारभारी, म्हणजे डावा मेंदू, धन्याला, म्हणजे उजव्याला, विसरला.

त्यांचं सोळाव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मसुधारणेवरचं प्रकरण मला सगळ्यात भिडलं. 1524 मध्ये झुरिकच्या चर्चेसमधून मूर्ती आणि चित्रं काढली गेली आणि भिंतींना पांढरा रंग फासला. पुढे ऑर्गनही गेले. पिढ्यान्‌पिढ्या लोक ज्यांच्यापुढे मेणबत्ती लावत आले, ते एका उन्हाळ्यात 'नुसतं लाकूड' झालं. राहिला फक्त लिहिलेला शब्द. भ्रष्टाचाराविरुद्धचा राग खरा होता, ते मी नाकारत नाही. पण लाकूड आणि देव यांच्यामध्ये जे काही होतं, ज्याला नाव देता येत नव्हतं, त्याला नाव नाही म्हणूनच ते नाही असं ठरलं.

त्याहून उघड उदाहरण फ्रेंच क्रांतीचं. 1793 मध्ये नवं कॅलेंडर आलं. आठवडा दहा दिवसांचा, दिवस दहा तासांचा, तास शंभर मिनिटांचा. कागदावर किती देखणं! पण सातव्या दिवशी विसावणाऱ्या माणसाला आता दहाव्या दिवशी सुट्टी, आणि बैलांनाही. बाजार, जत्रा, रविवारची घंटा, सगळं रुळावरून घसरलं. दहा तासांची घड्याळं दोनेक वर्षांतच सोडून द्यावी लागली आणि 1 जानेवारी 1806 ला नेपोलियननं ते कॅलेंडरच रद्द केलं. जगणं कोष्टकात बसत नसेल तर दोष जगण्याचा, ही खात्री मला त्या बारा वर्षांत दिसते.

आणि ही खात्री जहाजात बसून आपल्याकडेही आली. आप्पांची बरीच नोकरी इंदापूर तालुक्यात झाली, म्हणून ही गोष्ट आमच्या घरात लहानपणापासून आहे. पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारच्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं पुणे जिल्ह्यात जमीन मोजणी केली, 1830 च्या सुमारास. हा माणूस हेलिबरीच्या कॉलेजात माल्थसच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकलेला. त्यानं ठरवलं, प्रत्येक शेताचं एकूण उत्पन्न काढायचं, त्यातून मशागतीचा खर्च वजा करायचा, उरेल त्या निव्वळ उत्पन्नाचे 55 टक्के सरकारचे. सिद्धांत एकदम चोख. तक्त्यांवर तक्ते भरले गेले. पण आकडे मुळातच चुकीचे होते आणि पाऊस तक्ता बघून पडत नाही. वसुली इतकी निर्दय झाली की रयत घरंदारं सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात पळाली, इंदापूरकडच्या जमिनी ओस पडल्या. मग 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट आले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला, मातीचा रंग आणि खोली पाहून प्रतवारी लावली, मागच्या वर्षांत लोकांनी प्रत्यक्षात किती भरलं ते पाहिलं आणि दर ठरवून ते तीस वर्षं बदलायचे नाहीत असं केलं. तेही इंग्रजच, मोजणारेच, सारा घेणारेच. पण ते शेतात वाकले. आप्पा हे सांगताना नेहमी मूठभर माती चोळून दाखवायचे. "नकाशा पुरा झाला की एकदा बांधावर उभं राहायचं," हे ते नव्या पोरांना सांगायचे.

इथे मॅकगिलख्रिस्टांशी माझं थोडं भांडण आहे, ते सांगायलाच हवं. झुरिकच्या माणसांचा डावा मेंदू त्यांच्या आज्यापणज्यांपेक्षा मोठा नव्हता. दोनशे-तीनशे वर्षांत मेंदूची घडण बदलत नाही. बदलतात सवयी. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्टॅनिस्लास दहान आणि सहकाऱ्यांचा 2010 चा एक अभ्यास आहे, ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या 63 प्रौढांवरचा, काही निरक्षर, काही मोठेपणी शिकलेले, काही शाळेत गेलेले. वाचता येणाऱ्यांच्या डाव्या मेंदूत अक्षरांसाठी एक जागा तयार झालेली दिसली, आणि त्याच जागी चेहऱ्यांना मिळणारा प्रतिसाद किंचित घटलेला. म्हणजे शाळा मेंदू घडवते. धर्मसुधारक लूथरनं बायबल ज्यानं त्यानं आपापलं वाचावं म्हटलं, त्यासाठी गावोगाव शाळा निघाल्या, छापखाने चालले, आणि पिढ्यामागून पिढ्या ओळीवर नजर रोखायला शिकल्या. मला ही दिशा जास्त पटते. मेंदूनं पश्चिम घडवली यापेक्षा पश्चिमेनं आपल्या लक्षाला एक वळण लावलं, आणि त्या वळणानं घडलेल्या शहरांनी, कारखान्यांनी, परीक्षांनी पुढच्या पिढीला तेच वळण आणखी पक्कं लावलं.

म्हणूनच "ते डावे, आपण उजवे" हे मला सहन होत नाही. वाचणारा मेंदू मराठी असो की जर्मन, अक्षरांसाठी जागा करतोच. पोराला टक्क्यांनी ओळखणारे आपणही आहोत. शिवाय त्याच रोखलेल्या नजरेनं आप्पांची गुठळी एमआरआयमध्ये शोधली, औषधाची मात्रा ठरवली, जीव वाचवला. त्या नजरेला शिव्या देणं मला या जन्मात जमणार नाही. माझी तक्रार एवढीच आहे की तिला उरलेल्या अर्ध्याची उणीव भासत नाही, आणि विचारलं की तिच्याकडे उत्तर तयार असतं.

1978 चा इटलीतल्या मिलानमधला एक प्रयोग आहे. बिझियाक आणि लुझात्ती या संशोधकांनी नेग्लेक्ट असलेल्या, मिलानमध्येच वाढलेल्या पेशंटांना सांगितलं, डोळ्यांपुढे कथीड्रलचा, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचा, चौक आणा, कथीड्रलकडे तोंड करून उभे आहात, काय दिसतं? त्यांनी उजव्या हाताच्या इमारती सांगितल्या, तेवढ्याच. मग सांगितलं, आता कथीड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहून समोर बघा. मघाशी जी बाजू गायब होती तिच्या इमारती धडाधड आल्या, आणि आधीच्या गेल्या. अख्खा चौक डोक्यात होता. हरवलं काहीच नव्हतं. उभं राहायची जागा बदलायला कुणीतरी सांगावं लागलं.

आप्पांच्या ताटाच्या डाव्या काठाला आम्ही लाल चिकटपट्टी लावली. जेवायला बसलं की आधी पट्टी शोधायची, मगच पहिला घास. वर्तमानपत्राच्या डाव्या समासातही लाल रेघ. पहिले सहा महिने मी प्रत्येक घासाला आठवण करायचे. आता ते आपणहून मान वळवतात, कधी विसरतात. हात हलत नाही हे त्यांना आता माहीत आहे. ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी ते दुपारभर रडले, आणि मी शेजारी, त्यांच्या डावीकडे, बसून होते.

कुणाच्या घरी झटक्यानंतरचा पेशंट ताट अर्धं टाकत असेल तर भूक मेली असं समजून ताट उचलू नका. फिरवून बघा, आणि डॉक्टरांना नक्की सांगा.