अर्धं डोकं, पूर्ण डोकं आणि पित्ताची उलटी

डोक्याचं एक चित्र, त्यावर तांबडे पट्टे आणि खाली पाच-सहा ओळी. हे फॉरवर्ड फिरत फिरत माझ्या दवाखान्याच्या बाकावरही येऊन पोचलं. पेशंट आत येतो तो मोबाइल पुढं करतच. मजकूर साधारण असा: अर्धं डोकं दुखलं तर मायग्रेन, पूर्ण दुखलं तर टेन्शन. मळमळलं तर पित्त, उलटी करून मोकळे व्हा. मानेतून चढलं तर मणका. टेन्शनचं दुखणं मनाचं, विचार सोडले की जातं. खात्री हवी तर एमआरआय काढा.

एकेक ओळ घेऊ.

अर्धं आणि पूर्ण. या गैरसमजाला आपली भाषाच थोडी जबाबदार आहे. आपण अर्धशिशी म्हणतो, आयुर्वेदात अर्धावभेदक आहे आणि मायग्रेन हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचाही अर्थ अर्धी कवटीच. पण कितीतरी जणांचं मायग्रेन दोन्ही बाजूंनी दुखतं, लहान मुलांत तर बऱ्याचदा. आंतरराष्ट्रीय निकषांत एक बाजू हे चारांपैकी फक्त एक लक्षण आहे. बाकीची तीन म्हणजे ठणका, मध्यम ते तीव्र वेदना आणि चालण्या-चढण्यानं दुखणं वाढणं. चारांतली दोन हवीत. जोडीला मळमळ किंवा उलटी तरी हवी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे व्हायला हवेत. औषध न घेता किंवा औषध लागू न पडता हल्ला 4 ते 72 तास चालतो आणि असे निदान पाच हल्ले झालेले असावे लागतात.

टेन्शन-टाइपचं दुखणं वेगळं बोलतं. शिरोलीच्या फौंड्रीत काम करणारा एक पेशंट म्हणाला, “डॉक्टर, कुणीतरी फेटा आवळून बांधल्यागत वाटतंय.” यापेक्षा चांगलं वर्णन मी पुस्तकात वाचलेलं नाही. दोन्ही बाजूंनी दाब, ठणका नाही, उलटी नाही. उजेड किंवा आवाज यांतलं एखादं खुपेल, दोन्ही नाही. अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत कितीही चालेल. मुख्य म्हणजे तो शिफ्ट पूर्ण करून येतो.

म्हणून ‘कुठं दुखतं’ याच्यानंतर माझा पुढचा प्रश्न असतो, ‘दुखायला लागल्यावर काय करता?’ एकजण काम रेटत राहतो. दुसरी पेशंट खोलीतली ट्यूब बंद करायला लावते, दार लोटून घेते, कुकरची शिट्टीसुद्धा तिला सोसत नाही.

पित्त. या ओळीनं सगळ्यात जास्त माणसं वर्षानुवर्षं चुकीच्या वाटेला लावली आहेत. दुखणं, मळमळ, मग पिवळं पाणी पडतं आणि झोप लागून उठल्यावर हलकं वाटतं. साहजिकच वाटतं की पित्त पडलं म्हणून डोकं थांबलं. प्रत्यक्षात हल्ला मेंदूत सुरू झालेला असतो आणि मळमळ हा त्याचाच भाग. त्या वेळी पोटाचं काम मंदावतं, म्हणून उशिरा घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही. म्हणूनच कधी कधी सोबत उलटीचं औषध देतात. रिकाम्या पोटी उलटी झाली की आतड्यातलं पिवळं पाणी वर येणारच. बऱ्याच जणांचा हल्ला उलटीनंतर किंवा झोपेनंतर ओसरतो हे खरं, पण म्हणून मिठाचं पाणी पिऊन घशात बोटं घालायचं कारण नाही.

मग नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत उपाशीपोटी उभं राहिल्यावरच का दुखतं? कारण उपास, ऊन, जागरण, पाणी कमी पिणं यांनी मायग्रेन पेटतं. पोट रिकामं राहिल्यानं डोकं दुखलं हे निरीक्षण अचूक आहे, चुकलं ते फक्त नाव.

मान. मान दोन्हींत आखडते. चाळिशीनंतर मानेचा एक्स-रे काढला तर थोडीफार झीज बऱ्याचदा दिसते, त्यावरून डोकेदुखीचा गुन्हा मणक्यावर दाखल करता येत नाही.

मनाचं दुखणं. ‘टेन्शन-टाइप’ हे नाव 1988 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातलं. नेमकी यंत्रणा ठाऊक नव्हती म्हणून मुद्दाम मोघम ठेवलेलं. आपण मराठीत ‘टेन्शन’ म्हणजे काळजी असाच अर्थ घेतो आणि ज्याचं दुखतं त्यालाच दोषी ठरवतो. ताणानं ते वाढतं खरं, पण ताणानं मायग्रेनही वाढतं. या पेशंटच्या कानशिलाचे, मानेचे स्नायू दाबले की बऱ्याचदा खरोखर दुखतात. महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर ते जुनाट ठरतं आणि त्यावर रोजचं प्रतिबंधक औषध देता येतं. “विचार करू नकोस” हे औषध नव्हे.

एमआरआय. मायग्रेन किंवा टेन्शन-टाइप एमआरआयमध्ये दिसत नाही. ते कळतं ते विचारपूस आणि तपासणीतून. स्कॅन लागतो तो दुसरं काही नाही ना हे बघायला. क्षणात शिगेला पोचलेलं दुखणं, ताप आणि ताठ मान, हातापायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, फिट येणं, डोक्याला मार लागणं यांपैकी काही असेल तर फॉरवर्ड वाचत बसू नका, थेट सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्यानं आलेलं, दिवसेंदिवस वाढत जाणारं दुखणंही लगेच दाखवा.

फॉरवर्डमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र मी रोज बघतो. मेडिकलमधून आणलेली स्ट्रिप. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, मिश्र गोळी (एकीत दोन-तीन औषधं असलेली) 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरते.

‘पित्ताचा त्रास’ म्हणून आलेल्या एका शिक्षिकेला मी भिंतीवरच्या कॅलेंडरवरच खुणा करायला सांगितल्या. अंधारात पडून राहावं लागलं तर गोल, काम करता आलं तर फुली, गोळी घेतली तर टिंब. दोन महिन्यांनी त्या पानं फाडून घेऊनच आल्या. दुधाच्या हिशेबाशेजारी सहा गोल होते, अकरा फुल्या होत्या. त्यांना दोन्ही डोकेदुख्या होत्या. आणि टिंबं मोजली तर तेवीस.