वसुलीला पॅन चालतो, परत करताना मात्र अर्ज लागतो

प्राप्तिकर खात्याची तुमच्याकडे जुनी बाकी असेल आणि यंदा तुमचा परतावा निघत असेल, तर एक सूचना येते आणि ती बाकी त्या परताव्यातून वळती होते. कुठल्या वर्षाची बाकी कुठल्या वर्षी कापायची, हे त्यांना बरोबर जमतं. आता उलट बाजू बघा. त्याच पॅनवर तुमचं एखादं बचत खातं दहा वर्षं हात न लावता पडून असेल, तर बँक त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ‘डीईए’ निधीत, म्हणजे ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत भरते. तुमच्या रोजच्या खात्यात ती आपोआप येत नाही. ती तुम्ही शोधायची, अर्ज करायचा, आणि आपण आपणच आहोत हे कागदांनी सिद्ध करायचं.

मार्च 2024 अखेर या एकट्या निधीत 78,213 कोटी रुपये होते. 4 ऑक्टोबर 2025 ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गांधीनगरला ‘आपकी पूंजी, आपका अधिकार’ ही मोहीम सुरू केली, तेव्हा बँका, विमा, भविष्य निर्वाह निधी, शेअर्स असं सगळं धरून त्यांनी सांगितलेला आकडा होता 1 लाख 84 हजार कोटी. मोहीम चांगली आहे, शिबिरं भरली, काहींना पैसे मिळाले. पण एवढी रक्कम लोकांच्या विसराळूपणामुळे साचली हे मला पटत नाही. माणूस मरतो, नोकरी बदलते, कंपनीचं नाव बदलतं, पत्ता बदलतो. यातला विसराळूपणा किती?

आधी दिलाशाची गोष्ट, कारण बऱ्याच जणांना वाटतं की दहा वर्षं झाली म्हणजे पैसे सरकारजमा झाले. तसं नाही. त्यानंतरही कधीही दावा करता येतो. बँक तुम्हाला पैसे देते आणि निधीतून ते मागून घेते. व्याजाच्या ठेवीवर त्या काळाचं व्याजही मिळतं, सध्याच्या दराने 3 टक्के, म्हणजे फार खूश होण्यासारखं नाही. शोधायला रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल आहे, ऑगस्ट 2023 पासून. मोबाइल नंबर टाकून नोंदणी करायची, मग खातेदाराचं नाव आणि सोबत पॅन, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना किंवा जन्मतारीख यातलं काहीतरी. फुकट आहे. पैसे मात्र तिथून मिळत नाहीत, त्यासाठी बँकेतच जावं लागतं.

एक आडवळणाचा सल्ला: नाव एकदा टाकून ‘काही सापडलं नाही’ आलं म्हणून उठू नका. तीस-चाळीस वर्षांपूर्वी खातं उघडताना कारकुनाने जे स्पेलिंग लिहिलं तेच नोंदीत बसलंय. लक्ष्मी एक्सने आहे की केएसने, वडिलांचं पूर्ण नाव आहे की नुसती आद्याक्षरं, आडनाव आधी की शेवटी, सगळं उलटसुलट करून बघा. बायकांचं तर माहेरच्या नावाने वेगळं आणि सासरच्या नावाने वेगळं शोधा. लग्नाआधी नोकरी केलेल्या कितीतरी जणींची खाती अशीच राहिली आहेत.

शेअर्सचं प्रकरण बँकेपेक्षा कैक पटीने किचकट. सलग सात वर्षं लाभांश घेतला गेला नाही, तर तो लाभांशच काय, ते शेअर्ससुद्धा ‘आयईपीएफ’कडे, म्हणजे सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे जातात. माझ्या मावशीच्या बाबतीत हे जवळून बघितलं. काका गेले, प्रमाणपत्रावर दोघांची नावं, कंपनी मधल्या काळात दुसरीत विलीन झालेली. मावशीने त्या काळी अर्जावर मराठीत सही केली होती आणि पुढे बँकेसाठी इंग्रजी सही सुरू केली. झालं, सही जुळत नाही. मग बँकेच्या अधिकाऱ्याकडून सही साक्षांकित करा, काकांचं नाव कमी करा, डीमॅट खातं उघडा, कंपनीकडून हक्काचं पत्र मिळवा, मग आयईपीएफ-5 हा फॉर्म ऑनलाइन भरा, त्याची प्रत आणि मूळ कागद कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला पाठवा, आणि कंपनीने पडताळणी अहवाल दिला की मग पुढे. मावशी एकदा वैतागून म्हणाली, “अगं, घेताना एका सहीत पैसे घेतले गं या लोकांनी.” माझ्याकडे याला उत्तर नव्हतं.

फसवणूक होऊ नये म्हणून तपासणी हवी, हे मला मान्य आहे. मेलेल्या माणसाचे शेअर्स खोट्या कागदांवर उचलणारे महाभाग असतातच. पण दहा हजारांच्या शेअरला आणि दहा लाखांच्या शेअरला सारखाच वनवास का? याच किचकटपणावर एजंटांचा एक धंदा उभा राहिलाय, ‘मिळालेल्या रकमेत इतके टक्के आमचे’ म्हणणारा. म्हातारं माणूस एकटं असेल तर तेही देऊन टाकतं.

सरकारी मदतीच्या पैशात वेगळीच गंमत आहे. तिथे पैसे निघालेले असतात, पोचलेलेही असतात, फक्त भलत्या खात्यात. आधारवर येणारं अनुदान, शिष्यवृत्ती किंवा किसान सन्मानचा हप्ता तुम्ही दाखवलेल्या पासबुकात येईलच असं नाही. ज्या बँकेशी आधार सगळ्यात शेवटी डीबीटीसाठी (थेट खात्यात येणाऱ्या सरकारी पैशांसाठी) जोडलं गेलं, तिथे तो जातो. ओळखीतल्या एका मुलीची शिष्यवृत्ती पोर्टलवर ‘जमा’ दिसत होती आणि पासबुक कोरं. कॉलेजच्या खिडकीवरून बँकेत आणि बँकेतून परत खिडकीवर, असं चाललं होतं. शेवटी आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघितलं, तर तिथे भलत्याच बँकेचं नाव. सिम कार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन उघडून दिलेलं खातं. पैसे तिथे सुखरूप होते. तुमच्या घरात कुणाचे ‘पैसे येत नाहीत’ असं असेल, तर कुणाला शिव्या देण्याआधी हे बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

पीएफबद्दल थोडक्यात: 2014 मध्ये यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ क्रमांक, येण्याआधी ज्यांनी दोन-तीन नोकऱ्या बदलल्या, त्यांचा जुना पैसा जुन्याच क्रमांकावर पडलेला असू शकतो. आणि नोकरीत असताना सभासद गेला, तर पीएफबरोबर त्यालाच जोडलेल्या ईडीएलआय या आयुर्विम्याचे 7 लाखांपर्यंत मिळू शकतात. हे घरच्यांना कुणी आपणहून सांगत नाही. तसंच बचत खात्यातून दरवर्षी 436 रुपये कापले जात असतील, तर तो पंतप्रधान जीवनज्योती विमा आहे, 2 लाखांचा. गेलेल्या माणसाच्या पासबुकातली ही नोंद शोधा आणि लगेच बँकेला कळवा.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. ओळख पटवलेली आहे, केवायसी झालेलं आहे, पॅन आणि आधार एकमेकांना जोडायला लावून झालं, तेही उशीर झाला तर 1,000 रुपये घेऊन. मग जिवंत माणसाच्या पडून असलेल्या खात्यातली रक्कम त्याच पॅनच्या चालत्या खात्यात टाकायला काय हरकत आहे? किमान एक मेसेज तरी पाठवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार निष्क्रिय खातं पुन्हा सुरू करायला शुल्क घेता येत नाही, केवायसी कुठल्याही शाखेत करता येतं. तरी एका बँकेत आम्हाला “खातं जिथलं आहे तिथेच जा” हेच ऐकवलं गेलं. नियमाचं परिपत्रक मोबाइलवर दाखवल्यावर साहेब आतून आले. दरवेळी परिपत्रक घेऊन कोण फिरणार?

आणि हो, ‘तुमच्या नावावर रक्कम सापडली आहे, खालील लिंक दाबा’ असे मेसेज आता सुरू झालेत. एक पैसाही आधी मागितला की तो चोर समजा.

पतसंस्थेतल्या ठेवींसाठी यातलं काहीच उपयोगाचं नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे ‘उद्गम’वर त्या दिसणारच नाहीत. घरात जुनी पावती सापडली तर संस्था चालू आहे, विलीन झाली की अवसायनात (बंद करण्याच्या प्रक्रियेत) गेली, हे तालुक्यातल्या सहकार खात्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात लेखी विचारा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.