पन्नास डॉलर आणि एक पैठणी

इंदूरहून वहिनीचा फोन आला की मी आधी घड्याळाकडे बघते. तिकडे सकाळचे आठ, म्हणजे इथे पिट्सबर्गला रात्रीचे साडेदहा. तिचे पोहे झालेले असतात, माझी भांडी व्हायची असतात. या खेपेला तिने नमनाला घडाभर तेल घातलं नाही. "यंदा गणपतीत आपण 'खेळ पैठणीचा' ठेवून राहिलो. पण पहिलं बक्षीस पैठणी नाही, स्कूटी. अर्धे पैसे गल्लीत जमतील, अर्धे तू बघ."

परदेशातल्या नणंदेला असे फोन येतातच, त्याचं काही नाही. मौज अशी की या स्कूटीवरून आमच्या रामबागेत दोन तट पडलेत. एका बाजूला वहिनी आणि तिच्या भिशीतल्या बायका. त्यांना बाहेरून पैसे देऊन आणलेला सूत्रसंचालक हवाय, मोठा स्पीकर हवाय, रंगीत पडदा हवाय. दुसऱ्या बाजूला माझा दादा आणि त्याच्या वयाची मंडळी. त्यांचं म्हणणं, हे आताचे सूत्रसंचालक नुसते किंचाळतात, बायकांना स्टेजवर नाचवतात, नवऱ्यांची टिंगल करतात. दादाने ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकला. त्यात सिद्धार्थ बासू आले, अमीन सायानी आले, अन्नू कपूर आले. पूर्वीची माणसं कशी सुसंस्कृत, कशी खरी, आणि आता सगळा बाजार. शेवटी 2025 च्या ऑक्टोबरात केबीसीमध्ये एक लहान मुलगा बच्चनांशी तोऱ्यात बोलला होता, ते प्रकरणही उकरून निघालं. त्या वेळी देशभर त्या मुलाच्या आईवडिलांच्या संस्कारांचा पंचनामा झाला होता. मी तेव्हाही त्यात पडले नव्हते, आताही पडत नाही. लहान मूल टीव्हीसमोर घाबरलं की कसंही बोलतं.

मत विचारलंच, तर मी दादाच्या बाजूची. पण दादाची कारणं मला पटत नाहीत.

आमच्या शेजारी एक आजी राहतात, नव्वदीच्या. इथे सगळे त्यांना नावाने हाक मारतात, मीही मारते, पण मनात आजीच म्हणते. त्यांचे वडील इथल्या पोलादाच्या कारखान्यात होते. इंदूरमध्ये आमच्या गल्लीतली निम्मी घरं कापड गिरणीवर जगायची, त्यामुळे भोंग्यावर चालणाऱ्या घरांची गोष्ट निघाली की आमचं जमतं. रविवारी रात्री साडेदहाला त्यांच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसत. 'व्हॉट्स माय लाइन' नावाचा कार्यक्रम, 1950 ते 1967, थेट प्रक्षेपण. अजूनही त्या जुने भाग लावून बसतात आणि मलाही बसवतात.

खेळ अगदी साधा. एखादा पाहुणा येतो, पाटीवर सही करतो, आणि चौघांच्या पॅनेलने फक्त 'हो' किंवा 'नाही' अशी उत्तरं येतील असे प्रश्न विचारत त्याचा धंदा ओळखायचा. प्रत्येक 'नाही'ला सूत्रसंचालक जॉन डेली एक कार्ड उलटायचा, पाहुण्याला पाच डॉलर. दहा कार्डं उलटली की पन्नास डॉलर, खेळ खलास. यापुढे बक्षीस नाहीच. सुरुवातीच्या वर्षांतले बरेच भाग तर कुणी जपलेही नाहीत; टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून जे टिपलं गेलं तेवढं उरलं. तरीही जे उरलंय ते बघताना मी भांडी विसरते.

1957 च्या जानेवारीतल्या एका भागात पाहुणा म्हणून चित्रकार साल्वादोर दाली आला होता. पॅनेलच्या डोळ्यांवर पट्ट्या. प्रश्न काहीही असो, दाली 'होय' म्हणतो. लेखन करता का? होय. खेळांशी संबंध आहे का? होय. सूत्रसंचालक डेली आणि पाहुणा दाली, (मराठीत लिहिताना माझीच गल्लत होतेय) दोघांची जुंपते, पण हसतहसत. डेली दर वेळी मध्ये पडून पॅनेलला सांगतो की हे 'होय' थोडं सैल धरा. तो पाहुण्याला खोटा पाडत नाही, पॅनेललाही फसू देत नाही. आणि हे सगळं थेट चाललंय, नंतर कापायची सोय नाही.

आजींचा दुसरा लाडका भाग 'आय हॅव गॉट अ सीक्रेट' या कार्यक्रमाचा. 1956 चा फेब्रुवारी, सूत्रसंचालक गॅरी मूर. पाहुणे पंचाण्णव वर्षांचे सॅम्युएल सेमूर. त्यांचं गुपित असं, की 1865 मध्ये लिंकनवर गोळी झाडली गेली तेव्हा ते पाच वर्षांचे होते आणि त्याच नाट्यगृहात बसले होते. आदल्या दिवसांत म्हातारबाबा पडले होते, डोळा सुजलेला. मूरने त्यांना जपून खुर्चीवर बसवलं. बक्षिसाचे ऐंशी डॉलर दिले, आणि कार्यक्रमाचा प्रायोजक सिगरेटवाला असूनही बाबा सिगरेट ओढत नाहीत म्हणून त्यांच्यासाठी पाइपच्या तंबाखूचा डबा आणला. दोन महिन्यांनी ते वारले. लिंकनचा खून पाहिलेला माणूस आणि टीव्ही एका चौकटीत! आजी दर वेळी तिथे थांबवतात आणि माझ्याकडे बघतात, जणू मी पहिल्यांदाच बघतेय.

मग मी दादाला काय सांगू? त्या काळची माणसं खरी होती म्हणून? त्याच वर्षांत, त्याच न्यूयॉर्कमध्ये, 'ट्वेंटी-वन' नावाचा कार्यक्रम सुरू होता. तोही थेट. स्पर्धक काचेच्या खोलीत, कपाळावर घाम, हेडफोन. 1956 च्या डिसेंबरात हर्बर्ट स्टेम्पल हरला आणि कोलंबिया विद्यापीठातला देखणा शिक्षक चार्ल्स व्हॅन डोरेन जिंकला. पुढे कळलं की स्टेम्पलला हरायला सांगितलं होतं. आदल्याच वर्षीच्या सर्वोत्तम चित्रपटाचं नाव त्याला मुद्दाम चुकीचं सांगावं लागलं, जो चित्रपट त्याने स्वतः आवडीने पाहिला होता. व्हॅन डोरेनलाही उत्तरं आधी दिली जात, आणि कुठे अडखळायचं, कुठे ओठ चावायचा हेसुद्धा. त्याने 1,29,000 डॉलर जिंकले आणि 1959 च्या नोव्हेंबरात अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सगळं कबूल केलं. 1960 मध्ये असे खेळ आधीच ठरवून ठेवणं हा कायद्याने गुन्हा झाला. सूत्रसंचालक जॅक बॅरी सूट-टायमध्ये, बोलायला गोड. सुसंस्कृतच म्हणायचा.

दोन्ही कार्यक्रम त्याच काळातले. मग फरक कुठे? माझ्या मते बक्षिसात. पन्नास डॉलरसाठी कुणी कुणाला उत्तरं शिकवत नाही. पन्नास डॉलरमध्ये नाट्य उभं राहत नाही, म्हणून सूत्रसंचालकाला माणसात रस घ्यावा लागतो. त्याच्याजवळ दुसरं काही नसतंच. एक लाख डॉलर टेबलावर ठेवले की रस घ्यायला ते लाख डॉलर असतात. सूत्रसंचालकाने फक्त श्वास रोखून धरायचा आणि धरायला लावायचा.

आमच्याकडेही हे असंच झालं, फक्त उशिरा. बोर्नव्हिटा क्विझ 1972 पासून रेडिओवर, आधी हमीद सायानी आणि 1975 मध्ये ते गेल्यावर त्यांचे भाऊ अमीन सायानी. रविवारी आमचे बाबा रेडिओजवळ खुर्ची ओढून बसत, इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं तरी. सिद्धार्थ बासूंचं 'क्विझ टाइम' दूरदर्शनवर 1985 मध्ये आलं. कॉलेजची पोरं बसायची, उत्तर आलं नाही की प्रश्न पुढच्या संघाकडे जायचा, आणि बासू पुढच्या संघाकडे वळताना आधीच्यांना चुकल्यासारखं वाटू द्यायचे नाहीत. बक्षीस काय होतं? मला आठवत नाही. दादालाही आठवत नाही, मी विचारलं. तिथेच काय ते आलं.

एक मात्र दादाला सांगितलं पाहिजे. आपण ज्याला 'लाइव्ह' म्हणून कुरवाळतो, त्यातलं पुष्कळसं लाइव्ह नव्हतंच. 'अंताक्षरी' काय, केबीसी काय, आधी चित्रित होऊन मग दिसायचं. थेट होतं ते आपलं बघणं. अख्ख्या गल्लीत एकाच वेळी तेच चालू असायचं, आणि उत्तर आलं की तीन घरांतून एकदम ओरडा. 2000 च्या ऑक्टोबरात हर्षवर्धन नवाथे करोडपती झाला तेव्हा बाबांनी 'आपला नवाथे' म्हणून खाली जाऊन जलेबी आणली होती. नवाथे मुंबईचा, आमच्याशी काडीचा संबंध नाही. आडनाव पुरे होतं.

खरा थेट कार्यक्रम आमच्याकडे एकच, गणपतीतली हौजी. ती चालवायचे एक काका, मिलच्या ऑफिसात हिशेब लिहायचे. बक्षिसं स्टीलचे डबे, साबणदाणी, पूर्ण घराला एक थर्मास. एखादी बाई घाईत 'लाइन!' म्हणून उठायची आणि तिचा एक आकडा अजून यायचाच असायचा. सगळी पोरं ओरडायची, "बोगस, बोगस!" काका माइक बाजूला करून म्हणायचे, "चष्मा घरी राहिला वाटतं वहिनींचा. बसा, पुढचा आकडा तुमचाच आहे." आणि पिशवीत हात घालून जो येईल तो आकडा काढायचे. तो तिचा कधीच नसायचा. तरी ती हसतच बसायची. डेलीचं बघताना मला हेच काका दिसतात, आणि हे आजींना समजावून सांगायला माझं इंग्रजी पुरत नाही.

आदेश बांदेकरांचा 'होम मिनिस्टर' मला म्हणून आवडायचा. 2004 पासून अठरा वर्षं भावोजी लोकांच्या घरी जाऊन सोफ्यावर बसायचे, सासूला बोलतं करायचे, आणि शेवटी पैठणी. घरातल्या बाईला एक साडी मिळतेय, बस. 2022 मध्ये मात्र 'महामिनिस्टर' आलं आणि पैठणी झाली अकरा लाखांची. पैठणीचीसुद्धा लॉटरी झाली म्हणून मी हळहळले होते.

हे सगळं मी वहिनीला फोनवर सुनावलं. स्कूटी नको, पैठणी ठेवा, काकांना बोलवा, वगैरे. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, बबिता ताडे आठवतात?"

अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे, शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या, महिन्याला दीड हजार रुपये. 2019 मध्ये केबीसीमध्ये एक कोटी जिंकल्या. "त्यांना सांगून बघा पन्नास डॉलर आणि चार गोड शब्द. आपल्याकडे पोळ्यांना येते ना, ती चार घरं पायी करते. खेळात उतरणार आहे ती. तिने स्कूटी जिंकली तर तुम्हाला काय वाईट वाटेल?"

मला उत्तर सुचलं नाही. नंतर, भांडी घासताना, सुचलं: चाळीस बायका फुगे फोडणार, एक स्कूटी घेऊन जाणार, आणि पोळ्यांच्या बाईला ती मिळण्याची शक्यता चाळिसात एक. तिला स्कूटी द्यायचीच तर सरळ द्यावी, फुगे कशाला फोडायला लावायचे? पण हे रात्री अकराला, डिशवॉशर असलेल्या घरात सुचलेलं उत्तर. ते वहिनीला पाठवायला हात धजेना. साधेपणाचं कौतुक मला परवडतं हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. शेजारच्या आजींच्या वडिलांना त्या काळी पन्नास डॉलर मिळाले असते तर त्यांनाही ते थोडे वाटले नसते, हेही तेव्हाच लक्षात आलं.

दोन दिवसांनी दादाचा निरोप आला. तडजोड झाली. स्कूटी रद्द, पण त्याला कारण माझी मतं नव्हेत, वर्गणी कमी पडली. त्या बाईसाठी बायका भिशीतून वेगळे पैसे काढणार आहेत, जुनी स्कूटी बघणं चालू आहे. बाहेरचा सूत्रसंचालक येणार, पण हौजीचा अर्धा तास काकांचा. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत, कानाला यंत्र आहे, आकडे वाचायला नातू शेजारी बसेल. पैठणीचा खर्च माझ्याकडे.

मी लगेच हो म्हटलं. पाठोपाठ वहिनीचा मेसेज: "येवल्याची खरी घ्यायची की सेमी? बजेट सांगा, लवकर. दुकानदार होल्डवर आहे."