साक्ष नेहमी सगळं झाल्यावरच का द्यायची?

सात महिने मी रोज सकाळी साडेआठला डबा घेऊन घराबाहेर पडायचो आणि मला नोकरी नव्हती.

आता घरात आणि मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बऱ्याच जणांना माहितीये, त्यामुळे कुणी फोन करून "अरे बोलला नाहीस" म्हणू नका प्लीज. एका शुक्रवारी मीटिंगला बोलावलं, एचआरच्या मुलीने काही बोलायच्या आधीच पाण्याचा ग्लास पुढे सरकवला तेव्हाच कळलं काय ते. बायकोला तिसऱ्या दिवशी सांगितलं. दादांना नाही सांगितलं कारण त्यांचं बीपी, आणि चर्चमध्ये नाही कारण मी पंच, म्हणजे मंडळीच्या कमिटीतला. पंचाची नोकरी जात नाही. म्हणजे जाते, पण सांगायची पद्धत नाही.

दिवसभर कॅम्पात एका लायब्ररीत बसायचो, पेपर वाचायला येणाऱ्या रिटायर्ड काकांच्या शेजारी. रविवारी दानाची थैली फिरवायचो आणि स्वतः टाकताना नोट घडी करून टाकायचो म्हणजे केवढ्याची ते दिसू नये. आणि सगळ्यात लाज वाटते ती ह्याची, त्याच दिवसांत चर्चच्या तरुण संघातल्या एका पोराची नोकरी गेली तर कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे कुणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, त्याच्यासाठी मोठ्याने प्रार्थना मीच केली. "प्रभू, ह्या तुझ्या लेकराला धीर दे" वगैरे. काय सुंदर प्रार्थना होती. तो पोरगा नंतर थँक्यू म्हणाला मला.

आपल्याकडे साक्ष, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उठून सांगणं, कशी असते तुम्हाला माहितीच आहे. आजारी होतो, प्रार्थना केली, बरा झालो, प्रभूची स्तुती असो. लोन अडकलं होतं, उपास धरला, पास झालं. मधला भाग कुणी सांगतच नाही, म्हणजे रात्री अडीचला उठून छताकडे बघत असतो आणि प्रार्थनेचे शब्दच येत नाहीत तो भाग. त्यामुळे ज्याचं अजून काही सुटलेलं नाही त्याला वाटतं विश्वास फक्त माझाच कमी आहे, बाकी सगळे एकदम भक्कम. आणि त्या भक्कम लोकांतले निम्मे माझ्यासारखे डबा घेऊन लायब्ररीत जात असणार.

तर झालं असं की एका बुधवारच्या मीटिंगला आमच्या एक मावशी, रिटायर्ड नर्स, त्यांना नेहमीप्रमाणे साक्ष द्यायला सांगितलं. त्या उठल्या, साडीचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "माझ्याकडं आज साक्ष नाही. तीन महिने झाले मला प्रार्थनाच येईना झालीये. तुमच्यात बसलं की बरं वाटतं म्हणून येते. तुम्ही करा, मी ऐकते." आणि बसल्या. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. पाळकसाहेबांनाही सुचेना काय म्हणावं. आणि मला काय झालं माहीत नाही, मी उठलो आणि बोललो की माझी नोकरी सात महिन्यांपूर्वीच गेलीये आणि मी खोटं बोलतोय तुमच्याशी.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफर लेटर आलं नाही (आता जी नोकरी आहे ती त्यानंतर पाच महिन्यांनी लागली, आधीपेक्षा पगार कमी). एका भाऊंनी गेटपाशी गाठून "ब्रदर, विश्वास ठेवा, शंका आली की आशीर्वाद अडतो" असंही ऐकवलं. पण तो तरुण संघातला पोरगा घरी आला, आम्ही दोघांनी बसून एकमेकांचे रेझ्युमे सुधारले, आणि कित्येक महिन्यांनी त्या रात्री मला प्रार्थना करता आली. तीही एवढीच, की प्रभू मला भीती वाटतेय. बाकी सजावट काही नव्हती.

तेव्हापासून मी पवित्रशास्त्र जरा वेगळ्या नजरेने वाचतोय. प्रेषित पौलाचंच घ्या. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो फटके, जहाज फुटणं, उपासमार असं सगळं मोजतो, मग म्हणतो की बढाईच मारायची तर मी माझ्या दुबळेपणाची मारीन, आणि शेवटी सांगतो काय, तर दिमिष्कात, म्हणजे दमास्कसमध्ये, मला पकडायला टपले होते तेव्हा मला पाटीत (टोपलीत) बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडलं. आपल्याला लगेच आग्र्याचे पेटारे आठवतात आणि अभिमान वाटतो, पण पौल ज्या जगात लिहीत होता तिथे शत्रूच्या तटावर सगळ्यात आधी चढणाऱ्या रोमन शिपायाला मुकुट मिळायचा. आणि हा सांगतोय की मी तटावरून खाली उतरलो, तेही पाटीतून! नंतरच्याच अध्यायात तो देहातला काटा, म्हणजे सतत सलणारं काहीतरी दुखणं, तीनदा विनवणी केली तरी न निघालेला. काटा निघाला असता तर ती आपल्या टाइपची साक्ष झाली असती. तो निघाला नाही आणि तरी पौलाने लिहिलं.

आणि गेथशेमाने बाग, वधस्तंभाच्या आदल्या रात्रीची. येशू तिघा शिष्यांना म्हणतो माझा जीव मरणाइतका व्याकूळ झालाय, इथं थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. देवाचा पुत्र, आणि त्याला सोबत हवीये. ते झोपले ही वेगळी गोष्ट. पण त्याने मागितली ना. मी बायकोला सोडून कुणाकडेच मागितली नव्हती, आणि ह्यालाच मी विश्वास म्हणत होतो.

आपल्या मराठी मंडळीला तर ह्यासाठी लांब जायचीही गरज नाही. पंडिता रमाबाई. आईवडील आणि बहीण दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने गेले, मग भाऊ गेला, मग १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने, मुलगी वर्षाचीही झाली नव्हती. १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, त्यावरून इकडे केवढा गदारोळ झाला. इतकी किंमत मोजलेली बाई नंतर काय सांगते? १९०७ मध्ये छापलेल्या आपल्या साक्षीत त्या म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी मला कळलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता. जरा विचार करा, तोवर विधवांसाठीचं शारदा सदन सुरू झालं होतं, नाव देशापरदेशात झालं होतं, आणि ज्यांनी शिव्या घातल्या त्यांच्या हातात हे आयतं कोलीत होतं की बघा, आम्ही सांगतच होतो. तरी लिहून टाकलं. मला केडगावच्या मुक्ती मिशनच्या सगळ्या कामाइतकंच हे एक वाक्य मोठं वाटतं. कदाचित जास्त. बाईंचे फोटो आपण हॉलमध्ये लावतो पण अशी साक्ष कुणी उठून दिली तर पुढच्या निवडणुकीत त्याला पंच करणार नाही, खरं सांगा.

एक गोष्ट मात्र बोलायलाच पाहिजे नाहीतर माझ्या लिहिण्याचा भलताच अर्थ निघेल. दुबळेपण कबूल करणं आणि मार खात राहणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवरा मारतो म्हणून रडत आलेल्या बाईला "वधस्तंभ उचल ताई, सहन कर" सांगणारे लोक मी पाहिलेत, चर्चच्याच पायऱ्यांवर. रमाबाईंनी विधवांना सहन करा असं नाही सांगितलं, त्यांना घर दिलं, शाळा दिली, हाताला काम दिलं. आणि दुसरं म्हणजे आता रडणं हीसुद्धा फॅशन झालीये, स्टेजवर माईक हातात घेऊन, मागे कीबोर्ड हळू वाजतोय, लाइट डिम. ते मला जमत नाही. मावशींच्या बोलण्याला कीबोर्ड नव्हता.

मावशी अजून येतात. परवा विचारलं, प्रार्थना येते का हो आता? म्हणाल्या, "कधी येते, कधी नाही. तू चहा घे."

दादांना मी त्याच बुधवारी रात्री सांगितलं. मीटिंगहून कुणीतरी फोन करायच्या आत सांगणं भागच होतं. म्हणलं आता बीपीची गोळी शोधावी लागणार. त्यांनी टीव्ही म्यूट केला, बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, विश्वासाबद्दल एक शब्द नाही, देवाच्या योजनेबद्दल नाही. फक्त विचारलं, "मग तो डबा कुठं खायचास रे?"

म्हणलं, लायब्ररीच्या मागच्या पायऱ्यांवर.

"उन्हात?"