सब वाजत नाही म्हणे!

जुन्या डीव्हीडीवाल्या होम थिएटरचा प्लेअर मेला की त्याच्या सबवूफरचा, म्हणजे खर्जाचा आवाज काढणाऱ्या 'सब' स्पीकरचा, डबा उरतोच. मग नवा रिसीव्हर, म्हणजे बाकीचे स्पीकर चालवणारी पेटी, येतो आणि मला फोन: "दादा, सब वाजतच नाही रे!"

वाजेल कसा? तो पॅसिव्ह आहे, आत ताकद देणारं काहीच नाही. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर त्या प्लेअरच्या पोटात होता, तो गेला भंगारात. रिसीव्हरच्या मागचं 'सबवूफर प्री-आउट' हे भोक नुसता सिग्नल देतं, ताकद नाही. त्यात बसणारी आरसीए पिनची वायर कापून त्या डब्याला जोडली तर काय ढोल वाजणार?

वर दुकानदाराचा सल्ला: "फ्रंट स्पीकरलाच पॅरलल मारा." म्हणजे त्याच्याच दोन टोकांना सबही जोडा. वा! 8 ओहमच्या स्पीकरला 4 ओहमचा सब पॅरलल म्हणजे जेमतेम 2.7 ओहम. ओहम, म्हणजे विरोध, जितका कमी तितका रिसीव्हरवर ताण जास्त. बरेचसे रिसीव्हर 6 ओहमच्या खाली कुरकुरतात. आवाज चढवला की प्रोटेक्शन, म्हणजे रिसीव्हर स्वतःला वाचवायला बंद, आणि परत फोन मलाच.

अरे, मध्ये एक मोनो, म्हणजे एका स्पीकरपुरता, अ‍ॅम्प्लिफायर टाका, रिसीव्हरचा क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती सीमा, 80 हर्ट्झच्या आसपास ठेवा, झालं! पण नाही. टीव्ही भिंतभर हवा, अ‍ॅम्प्लिफायरचं नाव काढलं की मात्र, "एखादी पिन बदलून नाही का जमणार?"

नाही जमणार!