तेरा फुटांचं हेड

कॉम्प्युटरला वॉटर कूलिंग करताना सगळ्यात अवघड काय, असं विचारलं तर जाणकार सांगतात, गळती. गळतीचं काही नाही हो. अवघड आहे ते हार्डवेअरच्या दुकानात चार माणसांसमोर उभं राहून पाव इंची प्लग मागणं.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. एप्रिल-मेमध्ये बेळगावात मुहूर्त आणि ऊन एकदमच येतात. फोर-के फुटेज रेंडरला लावलं की प्रोसेसर नव्वदीपुढं जातो आणि शेजारच्या खोलीतल्या आईला पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटतं. म्हणून पंप, रेडिएटर, टाकी, नळ्या, ब्लॉक असं सगळं ऑनलाइन मागवलं. ब्लॉक म्हणजे चिपवर बसणारा, आतून पाणी फिरणारा ठोकळा. आता माझ्या ग्राफिक्स कार्डाच्या ब्लॉकला भोकं चार. दोनातून पाणी आत-बाहेर करणार, उरलेली दोन बुजवायची. बुजवायला प्लग आला एक.

तक्रार केली. उत्तर आलं, "खोका उघडतानाचा व्हिडिओ पाठवा." दुसऱ्यांच्या पोरींवर अक्षता पडताना तीन कॅमेरे लावणारा माणूस मी. पण खोक्याला कोण कॅमेरा लावतो? व्हिडिओ नाही, तर प्लग नाही. पुण्याच्या दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "कर्नाटकात पाठवायचं तर कुरिअर परवडणार नाही." बेंगळुरूचा म्हणाला, "तुम्हाला पुणेच जवळ की." तेही खोटं नाही. पुणे साडेतीनशे किलोमीटर, बेंगळुरू पाचशे. आम्ही सगळ्यांना दुसऱ्या कुणालातरी जवळ असतो. आणि प्लग केवढा? करंगळीच्या पेराएवढा.

तर या भोकांना जी १/४ आटे असतात, म्हणजे पाव इंची बीएसपी. प्लंबिंगचेच आटे. म्हणून शनिवारी शहापुरातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. मालक "इल्ल री", म्हणजे नाही, म्हणून मोकळा झाला. विषय तिथंच संपायचा, पण स्टुलावर एक मामा बसले होते. बोअरच्या मोटारी उतरवण्यात हयात गेलेले, कानावर पेन्सिल, हातात अर्धा कप चहा.

"पाव इंच कशाला पायजे?"

"कॉम्प्युटरला, मामा. पाण्यानं थंड करायचाय."

मामांनी चहा काउंटरवर ठेवला. त्यावर पुढं साय धरली, पण त्यांनी तो उचलला नाही.

"मोटार किती एचपीची?"

"एचपी नाही. वीस-बावीस वॅट."

"म्हणजे बल्बच की. हेड किती?"

हेड म्हणजे पंप पाणी किती उंच चढवू शकतो ते. इथं मी जरा ताठ झालो. पंपाच्या खोक्यावर छापलेलं मला पाठ होतं. "तेरा फूट."

"आणि पाणी किती चढवूलालास?"

"दीड फूट."

मामांनी मालकाकडं बघितलं. मालकानं खिळे मोजायचे थांबवले. मी सांगायला लागलो, ब्लॉकमधल्या खाचा अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतात, रेडिएटरचा अडथळा असतो, जोर लागतो...

"ते ऱ्हाऊ दे. पाणी शेवटाला कुठं जातंय?"

"कुठं नाही. परत टाकीत येतंय."

"टाकीतनं?"

"परत वर."

"कुणालाच पडत न्हाई?"

"पडायलाच नको, मामा!"

"मग फिरवूलालास कशाला?"

एव्हाना आणखी दोन गिऱ्हाइकं आपापली खरेदी विसरून उभी होती. मामांनी त्यांना उद्देशून निकाल दिला, "आमच्याकडं नळाला पाणी येईना, आणि ह्यो कॉम्प्युटरला नळ बसवूलालाय." नोकर पोराला मराठी कमी. मालकानं त्याला सगळं कानडीत समजावून सांगितलं, म्हणजे मग तोही हसला.

खरं तर मामांचा राग समजण्यासारखा आहे. शहरातल्या मोजक्या वॉर्डांना २००८ पासून चोवीस तास पाणी, बाकीच्यांनी बादल्या मांडून वाट बघायची. राकसकोप म्हणजे शहराला पाणी देणारं धरण. पावसाळ्यात आमच्याकडं "राकसकोप भरलं काय?" हा हवापाण्याचा विषय नसतो, ती चौकशी असते. अशा गावात प्रत्येक माणूस अर्धा पाणीपुरवठा अभियंता. खरं त्याची शिक्षा मला का?

"पाणी कुठलं घालणार? राकसकोपचं गोड हाय."

"डिस्टिल्ड. नळाच्या पाण्यातले क्षार खाचांत बसतात."

"बॅटरीचं पाणी! ते आमी इन्व्हर्टरला घालतोय. इन्व्हर्टर थंड ऱ्हातोय काय?"

मी गप्प.

"बरं, गार किती होतंय? फ्रिजवाणी?"

"तसं नाही. खोलीच्या तापमानाच्या खाली जात नाही."

"म्हणजे खोली तापली की पाणी तापणार."

"...हो."

"मग खोलीलाच कूलर लाव की गा!"

याला उत्तर आहे. पाणी उष्णता चिपवरून उचलून रुंद रेडिएटरवर नेतं, तिथं मोठे पंखे सावकाश फिरले तरी भागतं, आवाज कमी होतो. घरी आल्यावर हे सगळं मला मुद्देसूद सुचलं.

सगळ्यात झोंबलं ते पुढं. जाता जाता मामा म्हणाले, "मोटार कोरडी चालवू नको. हवा धरंल. आधी टाकी भर. आणि रातभर खाली कागद आंथरून बघ, कुठं ओल येती काय." मॅन्युअलमध्ये पान भरून हेच लिहिलंय. फक्त टेफलॉन टेप गुंडाळ म्हणाले तेवढं चुकलं. इथं गळती अडवायला ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी असते, आणि निमुळत्या आट्यांचा प्लग टेप लावून आवळला तर ॲक्रिलिकला तडा जातो. एका चुकीवर माणसाचा किती सूड उगवणार?

प्लग शेवटी उद्यमबागेत मिळाला, एका हायड्रॉलिकवाल्याकडं. सरळ आटे, ओ-रिंगसकट. त्यानं एकही प्रश्न विचारला नाही, त्याच्या पोराबाळांचं भलं होवो. प्लग पितळी आहे. काळ्या ब्लॉकवर एक पिवळा ठिपका, काचेतून थेट दिसतो. मग पॉवर सप्लाय एकटाच चालू व्हावा म्हणून त्याची हिरवी तार काळीशी जोडली, बाकी कशालाही करंट न देता फक्त पंप रात्रभर फिरवला. खाली टिश्यू. सकाळी टिश्यू कोरडा. केस इकडं-तिकडं कलवून बुडबुडे काढले. आता रेंडरला पारा सत्तरीच्या आसपास असतो, आईची झोप होते. तांत्रिक बाजू संपली.

काल खानापूरच्या एका पार्टीचा फोन आला. लग्न होऊन पंधरवडा झालेला, एडिट अर्धं झालेलं. नवरदेवाचे काका बोलत होते, आवाजात काळजी.

"भाऊ, तुमच्या कॉम्प्युटरात पाणी गेलंय म्हणे?"

"गेलं नाही हो. मी घातलंय."

पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, "ॲडव्हान्स परत देऊ नका, खरं आमचा व्हिडिओ भिजायच्या आत जेवढा झालाय तेवढा पेनड्राइव्हवर द्या."

शहापुरातल्या स्टुलापासून खानापूर पंचवीसेक किलोमीटर आहे. माझा प्लग पुण्याहून इथवर येऊ शकला नाही.