‘खुळखुळ्या लुअर म्हणजे तुटका माल’ या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ. साकोलीकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात आमचे १४ ग्रॅमचे दोन खुळखुळे लुअर, म्हणजे आवाज करणारी बनावट आमिषं, वापरून तुम्ही एक तारा दिला. पुढे पातं (तोंडाशी असणारी, लुअरला खाली नेणारी पट्टी) नाही म्हणजे तुटका माल, पडताच गाळात बसतो, गवतात अडकतो, दोन मरळ काठाशी येऊन सुटल्या आणि एकाचा आवाज बसला, असं तुम्ही लिहिलं आहे.

पातं या जातीला नसतंच. अंग चपटं, पोटात छर्रे, तंगूस (गळाचा दोरा) बांधायची कडी पाठीवर. ओढला की डोकं खाली करून थरथरतो. तुमच्या फोटोत त्या कडीला जाड स्विव्हल (फिरती जोडकडी) आणि स्टीलची तार दिसते. दोन्ही काढा, थरथर तिथेच मरते. लहान स्नॅप (उघडबंद होणारी कडी) आणि जाड तंगुसाचा हातभर लीडर (लुअरजवळचा तुकडा) मरळीला पुरतो.

१४ ग्रॅमचा लुअर सेकंदाला साधारण फूटभर बुडतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी मामा तलावात काठाला तीन-चार फूट पाणी उरतं, म्हणजे तुम्ही रीलची बेल (तंगूस मोकळा सोडणारी तारेची कमान) पाडेपर्यंत तो गाळात गेलेला असतो. लुअर पाण्याला टेकण्याआधीच बेल पाडा, रॉडचं टोक वर धरा आणि टेकताच गुंडाळायला लागा. एवढ्या उथळ पाण्यात ७ ग्रॅमचाच न्या.

गवताचं म्हणाल तर पाण्याखाली राहणाऱ्या शेवाळाच्या शेंड्यांवरून हा लुअर छान चालतो. टोकाला जाणवणारी थरथर थांबली की काडी अडकली समजा. लगेच रॉडला बाजूला एक झटका द्या. लुअर सुटून पुढे उसळतो आणि बरेचदा मासोळी त्याच क्षणी धरते. पण कमळाची पानं, शिंगाड्याचे वेल, बेशरमची झुडपं असतील तिथे तीन काट्यांचे दोन गळ घेऊन जाऊच नका. तिथे पोकळ रबरी बेडूकच टाकायचा, त्याचे काटे पाठीला चिकटून वर असतात. लुअर लाकडात अडकला तर ताणू नका, काटा आणखी रुततो. तंगूस थोडा सैल करून टोक हलवा. लुअरचं स्वतःचंच वजन त्याला ठोकून सोडवतं.

मरळ सुटणं हा या लुअरचा खरा त्रास आहे, तो आम्ही नाकारत नाही. अंग जड असल्यामुळे मासोळीने पाण्यावर येऊन डोकं झटकलं की तेच वजन काट्याला उलटा हिसका देतं, आणि मरळीचा जबडा हाडाचा, काटा खोल जात नाही. म्हणून चावा आला की वर जोरात खेचायचं नाही. गुंडाळणं चालू ठेवून रॉड बाजूला न्यायचा. ती वर यायला लागली की टोक पाण्याजवळ खाली घ्या, तंगूस क्षणभरही सैल सोडू नका. ड्रॅग (ज्या ताणाला रील तंगूस सोडू लागते तो) तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर लावा. ६ किलोच्या तंगुसाला दीड ते दोन किलो. ताठ रॉडने काटा फाडून निघतो, मध्यापर्यंत वाकणारा रॉड हवा. काट्याचं टोक नखावर टेकवून बघा. घसरलं तर बोथट आहे, गळ बदला, पण त्याच मापाचा. जड गळाने चाल बिघडते.

या लुअरची खरी जागा म्हणजे गोसेखुर्द धरणाचा फुगवटा, इटियाडोह धरणासारखं खोल, मोकळं पाणी. तळ लागेपर्यंत आकडे मोजा, मग दीड-दोन फूट उचला आणि तंगूस जेमतेम ताणलेला ठेवून पडू द्या. शिंगाडा मासा बहुतेक लुअर पडतानाच धरतो. पावसाळ्यात मात्र लालसर पिलांची झुंड वर दिसली तर तिथे टाकू नका, खाली राखणीला मरळ असते. आणि मामा तलाव बहुतेक मच्छीमार संस्थांकडे ठेक्याने असतात, आधी त्यांना विचारा.

आवाज बसलेला लुअर कोमट पाण्याच्या पेल्यात बुडवा. बुडबुडे आले म्हणजे आत पाणी शिरलं आहे. ते सांध्यातून येत असतील तर घेऊन या, बदलून देऊ. पाळीच्या दगडावर आपटून तडा गेला असेल तर तिथला रंग उडालेला दिसतो. तो बदलून मिळणार नाही. दुसरा लुअर न वापरलेला असेल तर त्याच्या बदल्यात ७ ग्रॅमचा घेऊन जा, वरचे पैसे परत देऊ.